जित्याची खोड हा पुरावा नव्हे

‘सदर आरोपी हा रेकॉर्डवरील सराईत गुन्हेगार असून त्याच्याविरुद्ध यापूर्वी सात गुन्हे दाखल आहेत.’

तपासी अंमलदाराच्या सरतपासणीतलं हे वाक्य, टाइप केलेल्या जबाबाच्या दुसऱ्या पानावरचं. खटला नगर जिल्ह्यातल्या एका वस्तीवर पडलेल्या दरोड्याचा. आरोपीला शिक्षा झाली आणि अपिलासाठी कागद माझ्याकडे आले. मी त्या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि पुढची पानं उलटून हरकत शोधू लागलो. हरकत नव्हती. सरकारी वकिलांनी प्रश्न विचारून ते वाक्य काढून घेतलं होतं, बचावाचे वकील बसून राहिले होते आणि न्यायालयाने ते नोंदवून घेतलं होतं. निकालपत्रात पुराव्याची चर्चा करताना मध्येच तीन शब्द आले होते: ‘आरोपीची पार्श्वभूमी पाहता’. त्या तीन शब्दांवर एक माणूस आज तुरुंगात आहे, असं माझं म्हणणं आहे, आणि ते मी उच्च न्यायालयात शपथेवर मांडलं आहे.

दोन दिवसांनी त्याची आई आली. पारधी समाजातली बाई. हातात युरियाच्या गोणीची शिवलेली पिशवी, आणि पिशवीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले कागद. ‘‘वकीलसाहेब, त्यो सुटला व्हता त्या केशीत. समद्या केशींचे कागुद हायेत माझ्याकडं,’’ ती म्हणाली. मी म्हटलं, ‘‘मावशी, सगळे काढा.’’ टेबलावर एकेक कागद मांडत गेलो. त्या सात गुन्ह्यांपैकी चारांत तो निर्दोष सुटला होता. एकात नाव तेच, पण बापाचं नाव आणि गाव वेगळं, म्हणजे तो माणूसच दुसरा. उरलेले दोन खटले अजून चालायचेत. सातांपैकी एकाही गुन्ह्यात दोष सिद्ध झालेला नाही. ज्या बाईला अक्षर ओळखता येत नाही तिने हे सगळं जपून ठेवलं होतं. ज्यांना वाचता येत होतं, त्यांच्यातल्या एकानेही खटला चालू असताना ते मागितलं नाही.

हे मी एका माणसाची कड घेण्यासाठी लिहीत नाही. त्याचं काय व्हायचं ते न्यायालय ठरवील. मी लिहितोय ते त्या एका वाक्याविषयी, कारण ते वाक्य आमच्या चौदाही तालुक्यांतल्या आरोपपत्रांत सापडतं. रिमांडच्या अर्जात असतं, जामिनाला विरोध करणाऱ्या म्हणण्यात असतं, आणि तिथून ते सरळ साक्षीत घुसतं. रिमांड आणि जामीन यांच्यापुरतं ते मी समजू शकतो. माणूस बाहेर सोडायचा की नाही हे ठरवताना त्याचा मागचा इतिहास बघावा लागतो. पण दरोडा त्याने घातला की नाही, हे ठरवताना तो इतिहास पुढ्यात ठेवायला कायद्याची सक्त मनाई आहे. तिला कोणी जुमानत नाही, हे माझं गाऱ्हाणं आहे.

कायदा काय म्हणतो ते साध्या भाषेत सांगतो. १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम ५४ सांगत होतं की, फौजदारी खटल्यात आरोपीचं वाईट चारित्र्य ही गैरलागू बाब आहे. आरोपीनेच आपल्या चांगल्या चारित्र्याचा पुरावा दिला, तर त्याला उत्तर म्हणून ते आणता येतं, एरवी नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला, त्यात हेच कलम ४९ म्हणून जसंच्या तसं आहे. पूर्वीची दोषसिद्धी वाढीव शिक्षेसाठी दाखवायची असेल, तर त्याचीही वाट आखून दिलेली आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम २३६, आताच्या नागरिक सुरक्षा संहितेचं २५९. सत्र न्यायालयात आधी चालू गुन्ह्यात आरोपी दोषी ठरला पाहिजे. तोपर्यंत जुन्या शिक्षेचा आरोप वाचून दाखवायचा नाही, सरकार पक्षाने त्याचा उल्लेख करायचा नाही, पुराव्यातही तो येऊ द्यायचा नाही. ही खबरदारी आहे सिद्ध झालेल्या गुन्ह्याबद्दल. मग जे गुन्हे नुसते ‘दाखल’ आहेत, किंवा ज्यांतून माणूस निर्दोष सुटला आहे, त्यांची यादी कोणत्या हक्काने साक्षीत येते?

ती येते, कारण आपल्या सगळ्यांच्या मनात एक म्हण बसली आहे: जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. पोलीस ती मानतात, वार्ताहर मानतात, पंच मानतात, आणि मी स्पष्टच बोलतो, वकील आणि न्यायाधीशही मानतात. पुरावा कायद्याने याच म्हणीला न्यायालयाच्या दाराबाहेर उभं केलं आहे. कलम १४ च्या खाली एक उदाहरण दिलेलं आहे, ते प्रत्येक विधी महाविद्यालयात शिकवतात. ‘अ’ ने ‘ब’ ला गोळी घालून ठार मारल्याचा आरोप आहे. ‘अ’ ने याआधीही ‘ब’ वर गोळी झाडली होती, ही बाब लागू. कारण त्यातून ‘ब’ ला मारण्याचा त्याचा इरादा दिसतो. पण ‘अ’ ला लोकांवर गोळ्या झाडायची सवयच आहे, ही बाब गैरलागू. दीडशे वर्षांपूर्वी लिहिलेलं हे उदाहरण इतकं स्वच्छ आहे की ते वाचल्यावर ‘सराईत’ हा शब्द साक्षीत उच्चारायची कोणाची छाती होऊ नये.

दुसऱ्या गुन्ह्याचा पुरावा कधीच येऊ नये, असं मी म्हणत नाही. कलम १५ चं उदाहरण घ्या. एकाचं घर जळालं, त्याने विम्याचे पैसे घेतले. मग दुसऱ्या घरात राहायला गेला, तेही जळालं. मग तिसरं. प्रत्येक वेळी विमा, प्रत्येक वेळी आग. इथे आधीच्या आगी सांगायलाच हव्यात, कारण त्यांवरून कळतं की ही आग अपघाताने लागलेली नाही. फरक इथे आहे: जुनी घटना चालू गुन्ह्यातला एखादा नेमका प्रश्न सोडवत असेल, तर तिला जागा आहे. ‘हा तसलाच आहे’ एवढंच सांगायला ती आणली जात असेल, तर नाही. सात गुन्ह्यांची यादी वस्तीवरच्या त्या रात्री तिथे कोण होतं, याबद्दल एक अक्षरही सांगत नाही.

ही यादी साक्षीच्या पिंजऱ्यात पोहोचण्याच्या आधी पेपरात पोहोचते. ‘सराईत टोळी जेरबंद’, ‘पोलिसी खाक्या दाखवताच गुन्ह्याची कबुली’, ‘आणखी अकरा गुन्हे उघडकीस’ हे मथळे पाहत मी मोठा झालो. खाक्या म्हणजे काय, हे आपल्याला माहीत आहे. तरी सकाळच्या चहाबरोबर आपण ते समाधानाने वाचतो. पोलिसांसमोर दिलेली कबुली न्यायालयात शून्य किमतीची असते, पूर्वी कलम २५ आणि २६ होती, आता २३ आहे. पण गावात, बाजारात, आणि ज्यांनी आरोपीला ओळख परेडमध्ये ओळखायचं आहे त्यांच्या मनात त्या कबुलीची किंमत आधीच वसूल झालेली असते. मग येतो निवेदन पंचनामा. आरोपीने मुद्देमाल काढून दिला, एवढंच त्यातून पुराव्यात यायला हवं. प्रत्यक्षात त्या पंचनाम्यात चार गावांच्या चार घरफोड्यांची हकीकत सलग लिहिलेली असते, आणि त्याला एकच निशाणी क्रमांक पडून तो पुराव्यात वाचला जातो.

आता बेलतगव्हाणबद्दल लिहितो. आमच्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यातलं हे गाव. ५ जून २००३ च्या रात्री तिथे पेरूच्या बागेत झोपडीत राहणाऱ्या एका कष्टकरी कुटुंबावर दरोडेखोर तुटून पडले. पाच जणांचा खून झाला. मारल्या गेलेल्यांत एक कोवळी मुलगी होती. तिच्यावर आधी बलात्कार झाला होता. आई आणि एक मुलगा जखमी होऊन वाचले. या गुन्ह्यासाठी भटक्या जमातीतले सहा मजूर पकडले गेले. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवली, तिघांची जन्मठेपेवर आणली. ३० एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांनाही पुन्हा फाशी सुनावली. तीन पायऱ्यांच्या न्यायालयांनी कागद पाहिले होते. पुनर्विचार अर्जही फेटाळला गेला.

आणि तरी, त्याच कागदांत एक गोष्ट पहिल्यापासून पडून होती. घटनेनंतर दोनच दिवसांनी त्या जखमी आईने, पोलिसांनी दाखवलेल्या गुन्हेगारांच्या फोटोंमधून चार जण ओळखले होते. तिचा जबाब विशेष कार्यकारी दंडाधिकाऱ्यांनी नोंदवला होता. ते चौघे या सहांपैकी नव्हते. त्या चौघांवर ना खटला भरला, ना तपास त्यांच्या दिशेने गेला. पुढे प्रकरण पुन्हा उघडून ऐकलं गेलं आणि ५ मार्च २०१९ रोजी न्यायमूर्ती ए. के. सिक्री, एस. अब्दुल नझीर आणि एम. आर. शहा यांच्या पीठाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्यायला राज्य सरकारला सांगितलं, आणि चुकार तपास अधिकाऱ्यांना शोधून त्यांच्यावर कारवाई करायला सांगितलं. सोळा वर्षं गेली होती. त्या सहांतला एक गुन्ह्याच्या वेळी अठरा वर्षांच्या आतला होता, हेही फाशी सुनावून झाल्यावर ठरलं. ‘अंकुश मारुती शिंदे विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने हा निकाल सापडतो. प्रत्येक तालुक्याच्या बार रूममध्ये तो छापून लावला पाहिजे.

मी तो इथे आणतो त्याला कारण आहे. पोलिसांच्या रेकॉर्डचा खरा उपयोग काय, ते या खटल्यात दिसतं. रेकॉर्ड हा तपासाचा धागा आहे. साक्षीदाराला फोटो दाखवा, तिने बोट ठेवलं की त्या माणसापर्यंत जा, तो त्या रात्री कुठे होता ते शोधा, त्याच्याकडे काय सापडतं ते पाहा. बेलतगव्हाणात रेकॉर्डने चार दारं दाखवली आणि पोलिसांनी एकही ठोठावलं नाही. उलट जिथे दार ठोठावायची मेहनत नको असते, तिथे हाच रेकॉर्ड ‘सात गुन्हे दाखल’ म्हणून पुराव्याच्या जागी उभा केला जातो. म्हणजे जिथे वापरायला हवा तिथे फेकून द्यायचा आणि जिथे फेकून द्यायला हवा तिथे वापरायचा. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. ज्या दिवशी ते सहा जण सुटले, त्या दिवशी पाच खुनांचा एकही गुन्हेगार शिल्लक नव्हता. त्या आईला न्याय मिळाला असं कोणी छातीवर हात ठेवून म्हणावं.

यादी कोणाच्या नावावर वाढते, तेही सांगतो. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. सोलापूरला तारेच्या कुंपणात माणसं ठेवली, त्यांची रोजची हजेरी घेतली. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा देशभर रद्द झाला. पण मुंबई राज्याने १९५९ मध्ये सराईत गुन्हेगारांचा कायदा केला, आणि ‘सराईत’ हा शब्द पोलीस ठाण्याच्या वहीत कायमचा मुक्कामाला आला. कर्जत, श्रीगोंदा, जामखेड, पारनेर, कुठल्याही तालुक्यात चोरी झाली की पहिली गाडी पारध्यांच्या पालावर जाते. तिथून उचललेल्या माणसावर एखादा गुन्हा दाखल होतो, दोन-तीन वर्षांनी तो सुटतो, पण वहीतली नोंद सुटत नाही. पुढच्या वेळी तीच नोंद त्याला उचलण्याचं कारण बनते, आणि त्याच्या पुढच्या वेळी यादी दोनची तीन होते. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये अमानतुल्लाह खान यांच्या प्रकरणात सगळ्या राज्यांना बजावलं की, मागास आणि वंचित समाजांतल्या निरपराध माणसांची नावं यांत्रिकपणे अशा नोंदींत चढवू नका. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला सुकन्या शांता यांच्या याचिकेवर तुरुंगाच्या नियमांतले जातीचे आणि विमुक्त जमातींचे उल्लेख घटनाबाह्य ठरवले. दोन्ही निकाल इंटरनेटवर फुकट मिळतात.

याच जिल्ह्यातल्या खर्ड्याला एप्रिल २०१४ मध्ये एका दलित शाळकरी मुलाची हत्या झाली. साक्षीदार फितूर झाले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये सगळे आरोपी निर्दोष सुटले. त्या खटल्यात ‘पार्श्वभूमी पाहता’ हे शब्द कोणाच्या वाट्याला आले नाहीत. पार्श्वभूमी हा शब्द आपल्याकडे कोणासाठी राखून ठेवला आहे, ते वाचकाने पाहावं.

मोक्का कायद्याने तर हे सगळं कायदेशीरच करून टाकलं. १९९९ च्या या कायद्यात मागच्या दहा वर्षांतली एकाहून अधिक आरोपपत्रं हा गुन्ह्याचाच घटक आहे. दोषसिद्धी नाही, नुसती आरोपपत्रं. कलम १७ त्याच्याही पुढे जातं. आरोपीकडून पूर्वी कधी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०७ किंवा ११० खाली बंधपत्र घेतलं असेल, त्याला स्थानबद्ध केलं असेल, विशेष न्यायालयात त्याच्यावर खटला भरला गेला असेल, तर न्यायालय त्याला पुराव्याची किंमत देऊ शकतं. मुंबईच्या टोळीयुद्धासाठी केलेलं हे हत्यार आमच्याकडे पालावरच्या माणसांवरही चाललं आहे. मी या कलमाच्या विरोधात आहे आणि ते रद्द व्हावं असं मला वाटतं.

आता अपिलाबद्दल, कारण तिथेच खरी मारामारी आहे. आरोपीला साठ दिवसांत उच्च न्यायालयात जायचं असतं. आमच्याकडून छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात. तिथे ‘हा पुरावा यायलाच नको होता’ म्हटलं की समोरून पहिलं उत्तर येतं: जुनं कलम १६७, आताचं १६९. चुकीचा पुरावा आत घेतला, एवढ्यावरून निकाल फिरत नाही; तो बाजूला काढून उरलेला पुरावा पुरेसा असेल तर शिक्षा टिकते. कलम चुकीचं नाही. पण ते वापरलं कसं जातं? ‘तो भाग वगळूनही’ असा एक शब्दप्रयोग लिहायचा आणि पुढे जायचं. ओळख पटवणाऱ्याने अंधारात, विजेरीच्या उजेडात, तोंडाला रुमाल बांधलेला माणूस पाहिला होता. ही ओळख एकटी उभी राहिली असती का? तिच्या पाठीशी सात गुन्ह्यांचा टेकू होता म्हणून ती पटली. टेकू काढून घेतल्याचं कागदावर लिहून भिंत उभी राहत नाही.

याची मुळं साक्ष नोंदवण्याच्या पद्धतीत आहेत. २००१ मध्ये बिपिन शांतिलाल पांचाळ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, हरकत आली तर नोंदवून ठेवा, पुरावा तात्पुरता घ्या, निर्णय शेवटी करा. खटले रखडू नयेत हा हेतू. परिणाम असा की विष आधी पाजायचं आणि ते विष होतं का, याचा विचार दोन वर्षांनी करायचा. २० एप्रिल २०२१ रोजी त्याच न्यायालयाने फौजदारी खटल्यांतल्या त्रुटींबद्दलच्या आदेशात ही पद्धत बदलली: प्रश्नाला हरकत आली की तिचा निकाल तिथेच द्या, फार तर त्या साक्षीदाराची साक्ष संपताना द्या. पण निकाल द्यायला आधी कोणीतरी हरकत घ्यावी लागते.

अमेरिकेत न्यूयॉर्कला रोलँड मॉलिन्यू नावाच्या माणसावर टपालाने विष पाठवून खून केल्याचा खटला चालला. सरकार पक्षाने त्यात आणखी एका विषप्रयोगाची हकीकत घुसवली, ज्याबद्दल त्याच्यावर आरोपच नव्हता. १९०१ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने नेमक्या याच कारणावरून शिक्षा रद्द केली, आणि फेरखटल्यात तो सुटला. मॉलिन्यू श्रीमंत घरचा होता, त्याच्याकडे वकिलांची फौज होती. ‘तिथे ज्युरी असते, आपल्याकडे न्यायाधीश शिकलेले असतात, ते मनावर परिणाम होऊ देत नाहीत,’ असं मला नेहमी ऐकवलं जातं. बेलतगव्हाणच्या कागदांतला त्या आईचा जबाब तीन न्यायालयांतल्या शिकलेल्या न्यायाधीशांसमोर होता. शिकलेपणाचा पुरावा मला एवढाच पुरतो.

‘वस्तीवर राहणाऱ्या बायाबापड्यांचं काय?’ हा प्रश्न मला गावात विचारतात, आणि तो खरा आहे. माझं स्वतःचं घर वस्तीवर आहे. रात्री कुत्रं भुंकलं की आईला झोप लागत नाही. मलाही दरोडेखोर पकडला जायला हवा आहे. माझी अट एवढीच की जो आला होता तोच पकडा. बोटांचे ठसे घ्या, मोबाइलची ठिकाणं काढा, ओळख परेड वेळेत घ्या आणि त्याआधी आरोपीचा फोटो पेपरात देऊ नका. हे कष्टाचं काम आहे. ते टाळता येतं तोवर टाळलं जाणार, आणि आपण साक्षीत ‘सात गुन्हे’ ऐकून घेतो तोवर ते टाळता येणार.

माझ्या जिल्ह्यातल्या, खास करून विधी सेवेतून नेमलेल्या तरुण वकील मित्रांना माझी विनंती आहे. फी किती मिळते ते मला माहीत आहे. तरी तपासी अंमलदार ‘रेकॉर्डवरील’ म्हणाला की उठून उभे राहा. कलम ४९ सांगा. २०२१ चा आदेश हातात ठेवा. हरकत नोंदवून घ्या, तिच्यावर निर्णय मागा, आणि निर्णय विरोधात गेला तरी तो कागदावर येऊ द्या. अपिलात मला तेवढं पुरतं. आणि खटला सुरू होण्याआधी आरोपीच्या आईला विचारा, तिच्या पिशवीत काय आहे.

मी ते सगळे कागद अपिलासोबत जोडले आहेत. अपील दाखल करून घेतलं गेलं, शिक्षेला स्थगिती मिळाली नाही. मुलगा हर्सूलच्या तुरुंगात आहे. अंतिम सुनावणीची तारीख अजून लागलेली नाही.